मंत्री महोदय, आधी आमची अडचण तर ऐका

मा. मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या उपस्थितीत जिल्ह्याच्या ठिकाणी उद्योजकता मेळावा झाला. पत्रिकेवर छापलं होतं, 'मंत्री महोदय नवउद्योजकांच्या अडचणी जाणून घेणार'. ते वाचून आमच्या बचत गटाच्या बाया सकाळच्या एसटीने निघाल्या, कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवून. दुपार उलटल्यावर माइक माझ्या हातात आला. मी म्हटलं, साहेब, आमचं केळी चिप्सचं युनिट बंद आहे, ते का बंद पडलं ते सांगते. लगेच सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, प्रॉब्लेम नको, सोल्यूशन सांगा. वेळ कमी आहे." माइक काढून घेतला. आपण समोरच बसला होतात. आपण एक शब्द बोलला नाहीत.

तिथे जे बोलू दिलं नाही ते आता जाहीर लिहिते.

आम्ही रावेर तालुक्यातल्या. घरोघरी केळी. बागेची कापणी आली की भाव मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघून निघतो. नवती, पिलबाग, वापसी अशी वर्गवारी, प्रत्येकाचा भाव वेगळा. जाहीर होतो एक आणि शेतकऱ्याच्या हातात पडतो दुसरा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वापसीचा, म्हणजे छाटून मागे पडलेला हलका माल व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो, नाहीतर बांधावर सडतो. गटाच्या बैठकीत आमचं एवढंच बोलणं चाललं होतं, या मालाचं काय करावं? त्या वेळी अधिकारी आले, सोबत मशीन विकणारा आला आणि पहिल्याच बैठकीत सांगून मोकळे झाले, चिप्स करा. आमच्या मालाचा एक घडही त्यांनी हातात घेऊन बघितला नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट तयारच होता, त्यात फक्त गटाचं नाव घालायचं बाकी होतं.

केरळची केळी चिप्स ज्या केळीची होतात तिचं नाव नेंद्रन. गर घट्ट, पाणी कमी, पिठूळपणा जास्त. आमच्या शेतात ग्रँड नैन आहे. पूर्वी इथे बसराई होती, श्रीमंती होती, टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आली तशी ग्रँड नैन सगळीकडे पसरली. ही पिकवून खायची केळी आहे. कच्ची कापली तरी पाणी जास्त. काप मशीनमधून पडले की बघता बघता तांबूस होतात. कढईत टाकले तर कडेने करपतात आणि मध्ये मऊ राहतात. तेल पितात ते वेगळंच. हे ज्याला माहीत असायला हवं तो सरकारचा माणूस होता. आम्हाला ते कढईपुढे बसल्यावर कळलं, कर्ज उचलल्यानंतर.

पुढे वीज. काप करून ठेवले आणि लाइट गेली की तो सगळा घाणा जनावरांपुढे. तरीही आम्ही थोडाफार चांगला माल काढला, बोटं चिकाने काळी पडली, साड्यांवरचे डाग अजून निघालेले नाहीत. पाकिटं तालुक्याच्या दुकानात ठेवली. महिन्याच्या आत परत आली. माल खवट झाला होता. पाकिटात नायट्रोजन भरायचं मशीन लागतं, ते मंजूर यादीत नव्हतं. यादी कोणी केली? चिप्स कुठे विकायची, किती दिवस टिकवायची, हे यादी करणाऱ्याने कोणाला विचारलं होतं?

आता बँकेची नोटीस आली आहे. गटातल्या एका बाईने हप्त्यासाठी गळ्यातली पोत मोडली. दुसरीच्या नवऱ्याने तिला सांगितलं, पुन्हा त्या गटाच्या दारात दिसलीस तर घरात येऊ नको. माझ्या सासूबाई काही बोलत नाहीत, पण शेडपुढून जाताना तिकडे बघत नाहीत. मंत्री महोदय, उद्घाटनाला फीत कापायला माणसं आली होती, फोटो पेपरात आला होता. बंद पडल्यावर विचारायला एकही जण आला नाही. तुमच्या कागदावर आमचं युनिट अजून यशस्वीच आहे, कारण कागदावर मंजुरी मोजली जाते. चालू आहे की बंद, हा रकानाच नाही.

आणि हे काही आज घडलेलं नाही. जळगावात केळीच्या भुकटीचा कारखाना साठच्या दशकातच उभा राहिला होता. तो १९७८ साली लिलावात विकला गेला. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी तो ३० लाखांना घेतला आणि तिथे भुकटीऐवजी पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढायला सुरुवात केली. हा इतिहास खानदेशातल्या जाणत्या माणसाला ठाऊक आहे. मग त्या भुकटीचं काय झालं, माल महाग पडला की गिऱ्हाईक मिळालं नाही, याचा अभ्यास करून कोणी गावोगावच्या गटांपुढे मांडला का? आमच्यापुढे तरी कोणी मांडला नाही. आमच्या शेजारच्या गावाला आता भुकटीचंच युनिट देणार आहेत म्हणे.

योजनांची कमी नाही. २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया आलं. त्याच वर्षी जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१९ ला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. २०२० ला केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, १०,००० कोटींची, २ लाख युनिट उभी करायची, ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. जळगाव जिल्ह्याचं उत्पादन म्हणून केळी ठरवून दिली. ठीक आहे. पण १०,००० कोटींतले किती रुपये केळी उत्पादकाची नेमकी अडचण शोधायला ठेवले? मशीनला अनुदान आहे, शेडला आहे, पॅकिंगला आहे. सहा महिने गावात राहून, कापणीपासून ट्रक भरेपर्यंत बघून, माल कुठे वाया जातो आणि पैसा कुठे गळतो हे लिहून काढणाऱ्या माणसाला काय आहे? आधी कळस मग पाया, असा हा कारभार आहे.

नंदुरबारला जा. तिथे मिरची पथारीवर वाळत असते आणि अवकाळी पाऊस येऊन लाल चिखल करतो. तिथल्या बायांना उद्या मसाल्याची गिरणी द्याल. त्यांची अडचण दळण्याची आहे की वाळवण्याची, हे त्यांना विचारलं तर पाच मिनिटांत सांगतील.

धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीचं, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या जुन्या रीतीचं, कौतुक आपल्या भाषणात असतं. ती ज्यांनी बसवली त्यांनी आधी नदी बघितली, उतार बघितला, कोणाच्या शेताला पाणी शेवटी पोचतं आणि त्याने भांडण कुठे होतं हे बघितलं. मग बंधारे घातले. म्हणून ती शेकडो वर्षं चालली.

आमच्या पोरांचंही तुम्ही हेच केलंत. शाळेत गाईडमधलं उत्तर पाठ, प्रश्न समजला नाही तरी चालतो. कॉलेजात गेलं की स्पर्धा, तीन मिनिटांत कल्पना मांडा. माझा पुतण्या केळीचं ॲप घेऊन बक्षीस मिळवून आला. मी त्याला विचारलं, वापसी म्हणजे काय? त्याला सांगता आलं नाही. परीक्षकांनी त्याला ते विचारलंच नव्हतं. पोरगा हुशार आहे, दोष त्याचा नाही. आता तो सुरतेला नोकरी शोधतोय, खानदेशातली निम्मी पोरं जिथे जातात तिथे.

आम्हाला नवं मशीन नको. पहिली गोष्ट, आमच्यासारख्या बंद पडलेल्या युनिटांची तालुकावार यादी जाहीर करा आणि प्रत्येकापुढे बंद पडण्याचं कारण लिहा, ते चालवणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकून. तोवर त्यांच्या हप्त्यांना स्थगिती द्या. दुसरी, अर्ज मंजूर करण्याआधी किमान एक हंगाम अभ्यासासाठी द्या आणि त्या अभ्यासाला पैसे द्या, भले त्यातून युनिट नको असा निष्कर्ष निघो. वापसी केळीचं काय करावं हे मलाही आज ठामपणे सांगता येणार नाही. पिकवून वाळवावी का, जनावरांना घालावी का, की मुळात वापसी माल कमी निघेल अशी सोय बागेतच करावी, हे बघितल्याशिवाय कळणार नाही. बघायची आमची तयारी आहे.

तिसरी मागणी आपल्याकडून. मे-जूनमध्ये वादळ येऊन बागा आडव्या होतात तेव्हा पंचनाम्याला गाड्या येतात, त्या वेळी येऊ नका. साध्या दिवशी या, कापणीच्या. सत्कार नको, व्यासपीठ नको, मशीनवाला सोबत नको. बांधावर बसा, कापणाऱ्या मजुराला विचारा, भरणाऱ्याला विचारा, मग आमच्या शेडमध्ये या. किल्ली माझ्याकडेच आहे. आणि आम्ही बोलत असताना मध्येच कोणाला माइक काढून घेऊ देऊ नका.

आपली,
बचत गटाची एक सदस्य, केळी उत्पादक
रावेर तालुका, जि. जळगाव