चांदीसाठी पीसीबीच्या फिल्म्स विकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चांदीचे भाव चढल्यापासून भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत जुन्या एक्स-रे फिल्म्स (त्यांत चांदी असते) घेणारे लोक छोट्या कारखान्यांचेही दार वाजवू लागले आहेत. 'काळ्या फिल्म्स आहेत का, किलोवर घेतो' असं विचारतात. माळ्यावर धूळ खात पडलेली पाकिटं मालक देऊनही टाकतात. त्या पाकिटांत पीसीबीच्या, म्हणजे मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक कार्डांच्या, मूळ नकाशांच्या फिल्म्स असतात, हे आज मालकांच्या मुलांना ठाऊक नाही, म्हणून हे पत्र.

मी भोसरीत 1981पासून पीसीबीचं आर्टवर्क, म्हणजे मूळ रेखाटन, करत असे. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. लाइट टेबलवर मायलरचा पारदर्शक कागद ताणून लावायचा, खाली दशांश इंचाची जाळी, आणि वर हाताने एकेक पॅड (पार्टचा पाय जिथे बसतो ती टिकली) आणि ट्रॅकसाठी, म्हणजे तांब्याच्या वाटेसाठी, टेप चिकटवायची. अमेरिकेतल्या बिशप ग्राफिक्ससारख्या कंपन्या हे पॅड आणि क्रेप टेप बनवत. आयसीच्या, म्हणजे चिपच्या, सोळा पायांचे सोळा पॅड एका पट्टीत तयार मिळत. सगळं काम दुप्पट मापात करायचं, म्हणजे हाताची चूक कॅमेऱ्यात निम्मी होते. मग मोठ्या रिप्रो (छपाईच्या) कॅमेऱ्याखाली ते अर्धं करून लिथ फिल्मवर, म्हणजे फक्त काळं आणि पारदर्शक दाखवणाऱ्या फिल्मवर, घ्यायचं. दोन बाजूंच्या कार्डाला आम्ही पॅड काळे, वरच्या बाजूचे ट्रॅक लाल टेपने आणि खालचे निळ्या टेपने, असे एकाच कागदावर लावत असू. कॅमेऱ्यापुढे लाल फिल्टर धरला की लाल टेप नाहीशी होते आणि निळी उरते. निळा फिल्टर लावला की उलट. दोन्ही फिल्म्स एकाच कागदातून निघाल्यामुळे वरचा पॅड खालच्या पॅडवर बरोबर बसत असे.

त्या फिल्म्सवरून तांब्याचा थर असलेल्या शीटवर छपाई, एचिंग (नको ते तांबं रसायनाने काढणं), ड्रिलिंग होऊन कार्डं बनली आणि ती कापड गिरण्यांत, साखर कारखान्यांत, प्रेसमध्ये लागली. यातली कितीतरी मशिनं अजून चालू आहेत. मशीन धडधाकट असतं, मोटर धडधाकट असते, आणि आतलं कार्ड जळतं. कंपनी बंद झालेली असते किंवा तिने तो माल बनवणं केव्हाच सोडलेलं असतं. 741 ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) आजही दुकानात सहज मिळतो. मिळत नाही तो ते पार्ट ज्यावर बसवायचे तो बोर्ड.

अलीकडे इचलकरंजीच्या एका सायझिंग (सुताला खळ लावणाऱ्या) कारखान्यातून असंच काम माझ्याकडे आलं. डीसी मोटरच्या ड्राइव्हमधलं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेतलं) थायरिस्टरचं फायरिंग कार्ड, म्हणजे मोटरला वीज देणारे थायरिस्टर स्विच चालू करणारं कार्ड, 100 बाय 160 मिलिमीटरचं, मागे 64 पिनांचा युरो कनेक्टर. जळालेल्या जागी बोर्ड कोळसा झाला होता, ट्रॅक कुठून कुठे गेला ते दिसत नव्हतं. सुदैवाने मालकाच्या वडिलांनी फिल्मचं पाकीट मॅन्युअलबरोबर जपून ठेवलं होतं. ते नसतं तर सगळी ड्राइव्ह बदलावी लागली असती.

ही फिल्म सरळ वापरता आली नाही, आणि ते का हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुष्कळ जण इथेच घाई करतात. युरो कनेक्टरच्या एका ओळीत 32 पिना असतात, दोन पिनांत 2.54 मिलिमीटर. म्हणजे पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत 31 अंतरं, 78.74 मिलिमीटर. या फिल्मवर ते 78.5 भरलं. फरक पाव मिलिमीटरचा, पण एक मिलिमीटरच्या भोकात टोकाच्या पिना शिरत नाहीत. फिल्म अ‍ॅसिटेटची होती, पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. अ‍ॅसिटेट वर्षानुवर्षं आकसत जातं, आणि दोन्ही दिशांना सारखं आकसत नाही. म्हणून आडवं माप वेगळं घ्यायचं, उभं वेगळं, आणि दुरुस्तीही वेगवेगळी करायची. मापासाठी पट्टी शोधायची गरज नसते. आयसीचे पाय आणि कनेक्टर हीच आपली पट्टी, कारण त्यांची अंतरं तेव्हा होती तीच आज आहेत. पॉलिएस्टरची फिल्म असेल तर इतका त्रास नाही, तीही हवेतल्या दमटपणाने किंचित वाढते, पण ताळ्यावर राहते.

नंतर ती 1200 डीपीआयला स्कॅन केली, बाजूला दोन्ही दिशांना स्टीलची पट्टी ठेवून, कारण स्कॅनरचंही माप दोन दिशांना एकसारखं नसतं. ते चित्र कीकॅड या पीसीबी काढायच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये खाली ठेवून त्यावरून नवीन ट्रॅक ओढले. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो; 1992 मध्ये जाँ-पिएर शारास यांनी तो सुरू केला आणि 2013पासून सर्न ही संशोधन संस्था त्याला हातभार लावते आहे. त्यातून गर्बर फाइल, म्हणजे कारखान्याला लागणारा नकाशा, निघाली की पीसीबी बनवणारा कोणीही कार्ड करून देतो.

इथे आजच्या मुलांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ट्रॅक प्रोग्रॅमला आपोआप ओढायला सांगू नका. तो सगळी जोडणी बरोबर करेल, पण जुन्या माणसाने ग्राउंडची (वीज परत जाण्याची) वाट मुद्दाम लांबून का नेली होती, हे त्याला कळणार नाही. माझ्यापुढच्या कार्डात थायरिस्टरच्या गेटकडचा (त्याला चालू करणाऱ्या पायाकडचा) ग्राउंड आणि ऑपअँपचा ग्राउंड एका कोपऱ्यात एकाच ठिकाणी भेटत होते, आणि मेनच्या व्होल्टेजचे ट्रॅक बाकीच्यांपासून पुरेसं अंतर राखून होते. ते अंतर कमी झालं तर कार्ड टेबलवर चालेल आणि कारखान्यातल्या दमट हवेत पेटेल. ट्रॅकचा प्रत्येक वळसा जसा होता तसाच गिरवायचा. ज्यांनी ते लावले त्यांच्या हातात गिरणीच्या मोटरची माहिती होती, आणि ती दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही.

आता भंगारवाल्यांच्या हिशेबाबद्दल. काळ्या भागातच चांदी असते, कारण डेव्हलप न झालेली चांदी फिक्सर या द्रावणात धुऊन जाते. पीसीबीच्या पॉझिटिव्हमध्ये (ज्यात ट्रॅक काळे असतात) बराचसा भाग पारदर्शक असतो, त्यामुळे चांदी जेमतेम. तांबूस-पिवळ्या दिसणाऱ्या, रंगद्रव्याच्या डायझो फिल्ममध्ये तर चांदी नसतेच. मग एवढ्यासाठी एका मशीनचं आयुष्य का विकायचं?

ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023पासून लागू झाल्यावर जुनी कार्डं रीतसर रिसायकलरकडे जाऊ लागली, हे चांगलंच झालं. पण त्या साफसफाईत कार्डाबरोबर पाकीटही जातं, आणि जिची प्रत दुसरीकडे नाही अशी ही एकमेव वस्तू असते. म्हणून पाकीट आधी बाहेर काढा. फिल्मबरोबर ड्रिलिंगचा कागद असेल तर तोही जपा, कारण भोकांची मापं फिल्मवर नसतात, त्या कागदावर असतात. फिल्म गुंडाळू नका, सपाट ठेवा. पावसाळ्यात इमल्शनवर, म्हणजे चित्राच्या जिलेटिनच्या थरावर, बुरशी येते, पाण्याने पुसू नका, जिलेटिन फुगतं. मंद दिसणारी बाजू इमल्शनची, तिला हात लावू नका. आंबूस वास येणारी फिल्म बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि आधी तीच स्कॅन करा, तिचं खराब होणं थांबणार नाही.

मूळ डिझाइन ज्या कंपनीचं आहे तिची परवानगी घ्यायला हवी, हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगते. स्वतःच्या मशीनसाठी एक कार्ड करणं आणि बाजारात विकणं यांत फरक आहे.

मराठा चेंबर ऑफ कॉमर्स 1934पासून पुण्यातल्या उद्योगांना एकत्र आणत आहे. त्यांनी सभासदांना एक साधं आवाहन करावं: फिल्म विकण्याआधी तिचं स्कॅन कुठल्यातरी तंत्रनिकेतनाला द्या. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना यापेक्षा चांगला प्रकल्प मिळणार नाही. मापन, चुंबकत्व, इन्सुलेशन, सगळं एका कार्डात शिकायला मिळतं. माझं लाइट टेबल अजून चालू आहे, लुपही (भिंगही) आहे. कोणतंही तंत्रनिकेतन बोलावील तर मी दोन्ही घेऊन जाईन आणि मुलांना फिल्म वाचायला शिकवीन, मानधन नको. पुढच्या कामासाठी मला एका मशीनच्या फायरिंग कार्डाच्या फिल्म्स हव्या आहेत. ड्रिलिंगचा कागद मालकाकडे मिळाला, फिल्म मिळालेली नाही. 1980च्या दशकातल्या डीसी ड्राइव्हच्या फिल्म्स कोणाच्या माळ्यावर असतील तर त्यांनी कृपया संपादकांमार्फत कळवावं.

— एक निवृत्त आर्टवर्क कारागीर, चिंचवड
(नाव व पत्ता संपादकांकडे)