लोअर युनिटात पाणी शिरलंय म्हणून वॉरंटी नाही, या उत्तराबद्दल तक्रार

सर्व्हिस विभागाचे प्रमुख यांना,

आत्ता सव्वातीनला तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. हा सातवा कॉल होता. मोटर तुमचीच आहे, बोटीला मागनं लावायची, २५ एचपी टू स्ट्रोक, सिरीयल नंबर, बिल आणि जॉब कार्डचे फोटो सोबत जोडलेत. लोअर युनिट म्हणजे पाण्यात राहणारा खालचा गिअरबॉक्स, त्यात तेल कुठनं भरतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुमच्या सर्व्हिस सेंटरला ते सांगायची गरज आहे असं आता माझं स्पष्ट मत झालंय.

आधी एक लक्षात घ्या, ही मोटर आम्ही फिरायला घेतलेली नाही. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, चिखली-आंबेवाडीच्या पट्ट्यात. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तिथं धोका पातळी ४३ आहे. शिरोलीजवळ हायवे बंद झाला, गावाला चारी बाजूनं पाणी, माणसं माळ्यावर बसून बोटीची वाट बघत होती आणि गोठ्यातली जनावरं दावी कापून सोडायला लागली. २०२१ ला परत तेच. त्यानंतर तालमीच्या पोरांनी वर्गणी काढली, कुणी दूधबिलातनं दिलं कुणी ऊसबिलातनं, आणि बोट घेतली, त्याला तुमची मोटर घेतली कारण सगळे म्हणाले हीच कंपनी घ्या, सर्व्हिस चांगली आहे. बिल माझ्या नावावर आहे म्हणून पत्र मी लिहितोय, पण पैसे गावाचे आहेत.

कोल्हापुरात तुमचं सर्व्हिस सेंटर नाही. म्हणून मे महिन्यात मोटर पिकअपमध्ये बांधून आंबा घाट उतरून खाली कोकणात तुमच्या अधिकृत सेंटरला नेली, पाऊस लागायच्या आत सगळं तयार पाहिजे म्हणून. ४ दिवस ठेवून घेतली. बिल ११,८४० रुपये. बिलात काय काय लिहिलंय बघा: गिअर ऑइल, ड्रेन आणि व्हेंट प्लगचे नवीन वॉशर, प्रॉपेलर शाफ्टची दोन ऑइल सील, वॉटर पंपाचा इंपेलर किट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चक्र, आणि प्रेशर टेस्ट. खाली शिक्का, केलेल्या कामाची ३ महिने वॉरंटी.

जूनच्या पहिल्याच रविवारी नदीत उतरवली. चाळीस मिनिटं चालवली असेल, पंप पाणी ओढतोय हे दाखवणारी मागनं जी पाण्याची पिचकारी पडते ती बारीक होत होत नुसती ठिबकायला लागली म्हणून बंद करून काठाला आणली. रात्रभर स्टँडवर उभी ठेवली. सकाळी खालचा प्लग ढिला केला तर आधी पाणी आलं, निव्वळ पाणी, आणि त्याच्या मागनं दुधाळ चहासारखं तेल. सर्व्हिस होऊन महिना पण झाला नव्हता हो!

पहिल्या कॉलला सांगितलं उघडू नका, टेक्निशियन पाठवतो. १२ दिवस थांबलो. कुणी आलं नाही. मधल्या प्रत्येक कॉलला पहिल्यापासनं सगळी गोष्ट सांगायची, सिरीयल नंबर सांगायचा, आणि शेवटी "आम्ही पुढं कळवतो". गिअरबॉक्समध्ये पाणी राहिलं की बेअरिंगला गंज धरतो, तेलाचा थर राहत नाही आणि गिअरचे दात खायला लागतात, एकेक दिवस नुकसान वाढतंय हे मी तीन वेळा सांगितलं. शेवटी तुम्हाला ईमेल करून, तारीख वेळ कळवून, शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रीकडं खोललं आणि सगळ्याचा व्हिडिओ केला. उद्यमनगरातली माणसं लेथवर काय पण करून देतात, त्यांना मशीन बघितलं की कळतं.

आत काय निघालं? प्रॉपेलरच्या मागं शाफ्टला गळाची तंगूस गुंडाळलेली, सीलपर्यंत आत गेलेली, आणि सील तिथंच कापलेलं. आता तुम्ही म्हणाल तंगूस आम्ही नदीत अडकवली. पण ती तेलात आणि मातीत काळी पडलेली, पार दाबून घट्ट बसलेली, चाळीस मिनिटात अशी होत नाही. आणि सील नवीन घातलं असतं तर प्रॉपेलर काढायलाच लागला असता, मग ती दिसली कशी नाही? म्हणजे प्रॉपेलर काढलाच नाही. प्लगचे वॉशर जुनेच, चेपून पार सपाट झालेले. आणि इंपेलर जुना! पाती एका बाजूला वाकून तशीच कडक झालेली, एक पातं मुळात चिरलेलं. जुना इंपेलर ठेवायचा आणि बिलात नवीन किटचे पैसे लावायचे, याला आमच्याकडं सर्व्हिस म्हणत नाहीत.

आणि प्रेशर टेस्ट. १० पीएसआयच्या आसपास हवा भरून पाच मिनिटं काटा बघितला असता आणि साबणाचं पाणी लावलं असतं तरी त्या सीलमधनं बुडबुडे आले असते. केलीच नाही. पैसे मात्र घेतले.

आता आजचा कॉल. ताईंनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "सर, तुमचा रिपोर्ट आलाय, क्लेम रिजेक्ट झालाय." मी विचारलं कारण काय. म्हणाल्या, "युनिटमध्ये पाणी गेलंय सर, पाणी गेलं की वॉरंटी बसत नाही." मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. मी म्हटलं ताई, ही बोटीची मोटर आहे, तिचा खालचा अर्धा भाग पाण्यातच असतो. त्या म्हणाल्या, "हो सर, पण तुम्ही पाण्यात वापरताना काळजी घ्यायला पाहिजे होती." मी म्हटलं काळजी म्हणजे काय घेऊ, पाणी आत जाऊ नये म्हणूनच तर सील असतं, ते बदलायचे पैसे तुम्ही घेतलेत. थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही गाडी धुताना प्रेशर मारला होता का?" गाडी! मी म्हटलं साहेबांना द्या. होल्डवर ११ मिनिटं. मग एक साहेब आले, नाव सांगितलं नाही, म्हणाले, "बघा, पुराच्या पाण्यात गाळ असतो, आमची मोटर त्याच्यासाठी नाही." मी म्हटलं अजून जूनच चाललाय, पूर कुठाय? तर म्हणाले, "मग तुम्हाला एवढी घाई कशाची आहे?"

घाई कशाची आहे! ही ओळ मी विसरणार नाही. त्या माणसानं एकदा आमच्याकडं जुलैच्या शेवटाला येऊन राहावं, रात्री दोनला पाणी उंबऱ्याला लागतं तेव्हा कळेल घाई कशाची असते. मला त्या ताईंचा राग नाही, त्यांच्यासमोर जे लिहून ठेवलंय तेच त्या वाचतात. राग आहे तो जुना इंपेलर परत बसवून नव्याचे पैसे घेणाऱ्यांचा, आणि ते कळूनसुद्धा पाणी शिरलं हीच ग्राहकाची चूक ठरवणाऱ्यांचा.

मला काय पाहिजे ते सरळ सांगतो. लोअर युनिट तुमच्या खर्चानं पूर्ण खोलून गिअर, बेअरिंग, शाफ्ट तपासा, गंजलेलं सगळं बदला, दोन्ही सील, वॉशर आणि इंपेलर नवीन घाला, आणि प्रेशर टेस्ट माझ्यासमोर करा. टेक्निशियन इथं पाठवा, मी परत घाट उतरणार नाही. ११,८४० रुपये परत द्या, पिकअपचं भाडं द्या. रिपोर्टमधला "ग्राहकाचा निष्काळजीपणा" हा शब्द लेखी मागं घ्या.

८ दिवसात लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि मी राहतो तिथंच केस करता येते, कोल्हापुरातच, हे वकिलाला विचारून घेतलंय. व्हिडिओ, जुनं सील, तंगूस आणि चिरलेला इंपेलर पिशवीत बांधून ठेवलाय. आणि शेजारच्या दोन गावांची मंडळं मोटर घ्यायची म्हणून मला विचारतायत, त्यांना तुमचं नाव मीच सांगितलं होतं, आता मीच नको म्हणून सांगितलंय. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, मोटर उचलते चांगली, इंजिनाबद्दल एक शब्द तक्रार नाही.

मोटर सध्या तालमीच्या खोलीत स्टँडवर आहे, लोअर युनिट सुटं करून गोणपाटात ठेवलंय. काल संध्याकाळी राजाराम बंधारा पाण्याखाली गेला.