व्हिसाच्या अर्जावर सही आपली, मजकूर कोणाचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलांकडे चार-सहा महिने राहून यावे म्हणून व्हिसासाठी अर्ज करणारे आईवडील आता केवळ पुण्या-मुंबईचे राहिलेले नाहीत. कराड, बार्शी, चाळीसगाव अशा गावांतली मंडळीही मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या रांगेत उभी असतात. गेल्या वर्षी मी व माझी पत्नी त्या रांगेत उभे होतो, तेव्हा आजूबाजूच्या ज्या ज्या ज्येष्ठांशी बोलणे झाले, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही आपल्या अर्जात काय लिहिले आहे हे वाचलेले नव्हते. आम्हीही वाचलेले नव्हते. हे पत्र त्याविषयी आहे.

पर्यटक व्हिसासाठी, म्हणजे बी-१/बी-२ साठी, डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तो इंग्रजीतच भरायचा असतो आणि त्यातील प्रश्नही पुष्कळ असतात, त्यामुळे आमच्या पिढीतील माणूस साहजिकच एजंटाकडे जातो. आमच्या एजंटाने पासपोर्टच्या प्रती घेतल्या, दहा मिनिटे जुजबी चौकशी केली आणि दोन दिवसांनी बारकोड असलेला एक कागद हाती दिला. अर्ज पोहोचल्याची ती पोच असते. प्रश्नांची उत्तरे तिच्यावर छापलेली नसतात. आम्ही तो कागद जपून फाइलीत लावला. सातबारा, आठ-अ, मुदतठेवींच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचे कागद आणि मुलीचे निमंत्रणपत्र अशी ती फाइल चांगली जाडजूड झाली होती.

आदल्या दिवशी बोटांचे ठसे व छायाचित्र देऊन दुसऱ्या दिवशी आम्ही खिडकीसमोर उभे राहिलो. मुंबईत ही मुलाखत मराठीतून देता येते आणि आम्ही ती मराठीतूनच दिली. अधिकाऱ्याने पत्नीला विचारले, "तिकडे कोणाकडे राहणार?" तिने सरळ सांगितले, "मुलीकडे." अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणखी दोन प्रश्न विचारले आणि नकाराचा छापील कागद पुढे सरकवला. तीन मिनिटेही लागली नसतील. फाइल उघडलीच गेली नाही.

पुढे मुलीच्या आग्रहावरून आम्ही एजंटाकडे संपूर्ण अर्जाची प्रत मागितली. ती मिळवण्यासाठी तीन हेलपाटे घालावे लागले. अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का, या प्रश्नापुढे 'नाही' असे उत्तर होते. पत्नीचे माहेरचे नाव कुठेही नव्हते. समाजमाध्यमांवरील खाती 'नाहीत' असे लिहिले होते. प्रत्यक्षात ती रोज फेसबुकवर असते. अर्ज भरण्यास कोणी मदत केली का, या प्रश्नाचे उत्तरही 'नाही' असेच होते. जाब विचारल्यावर एजंट म्हणाला, "मुलं तिकडे आहेत असं लिहिलं की व्हिसा देत नाहीत, काका. सगळ्यांचं असंच भरतो."

हा समज गावोगाव पसरलेला आहे आणि तो घातक आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४ (ब) असे सांगते की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहण्यासच येतो आहे, असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यावे. आपले घर, शेती, निवृत्तिवेतन, इथली माणसे यांतून ते पटवायचे असते. मुलगी तिथे आहे हे लपवल्याने त्यात काडीची मदत होत नाही, कारण नातवंडाला पाहायला जाणे हे या व्हिसाचे पूर्णपणे मान्य कारण आहे. शिवाय २१४ (ब) खाली नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो, मात्र जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर त्याच कायद्यानुसार अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. एजंटाला त्याची झळ लागत नाही. दुसऱ्याने मदत केली तरी अर्जावरची इलेक्ट्रॉनिक सही अर्जदारानेच करायची असते आणि उत्तरांची जबाबदारीही त्याचीच राहते. आमच्या वतीने सहीचे ते बटण दुकानातच परस्पर दाबले गेले होते.

मी सहकारी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली. कर्जदार शेतकऱ्याला प्रत्येक कागद वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही घ्यायची नाही, हा नियम मी कसोशीने पाळला. त्याच मी स्वतःच्या अर्जाच्या बाबतीत कोऱ्या कागदावर सही दिल्यासारखे वागावे, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरा अर्ज आम्ही घरी बसून, भाचीच्या मदतीने तीन संध्याकाळी भरला आणि मदत करणारी म्हणून तिचे नाव लिहिले. आपल्याकडच्या माणसांना अडखळायला होईल अशा जागा तेव्हा लक्षात आल्या. लग्नानंतर आपल्याकडे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांऐवजी पतीचे होते आणि त्या काळी कित्येक घरांत मुलीचे पहिले नावही बदलत असे. ही सर्व जुनी नावे अर्जातील 'इतर नावे' या रकान्यात यायला हवीत. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसे आमच्या पिढीत घरोघरी आहेत. अर्जात पासपोर्टवरचीच तारीख लिहावी. पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का, या प्रश्नाला आम्ही 'होय' असे उत्तर दिले आणि कारणही लिहिले. खिडकीपाशी पहिल्या अर्जातील चूक मी स्वतःहून सांगितली. अधिकाऱ्याने मुलीच्या नोकरीविषयी, माझ्या निवृत्तीविषयी आणि परतण्याविषयी विचारले व पासपोर्ट ठेवून घेतले, म्हणजेच व्हिसा मंजूर झाला. फाइल याही वेळी उघडली गेली नाही.

या सगळ्यात पैसेही गेले. जून २०२३ पासून या व्हिसाच्या अर्जाचे शुल्क माणशी १८५ डॉलर आहे, ते परत मिळत नाही आणि नकारावर अपीलही नाही. नवा अर्ज म्हणजे पुन्हा नवे शुल्क. दोघांचे एका वेळचे तीस हजारांहून अधिक रुपये होतात, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ते जड जातात. पूर्वी ७९ वर्षांवरील अर्जदारांना मुलाखतीतून सूट मिळत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून सर्वसाधारणपणे त्यांनाही मुलाखतीला जावे लागते. ऐंशी ओलांडलेल्या आजीला प्रवास करून खिडकीसमोर उभे राहायचे आणि आपल्या नावाने काय लिहिले आहे हे तिलाच ठाऊक नाही, हे चित्र मला फार अस्वस्थ करते.

सर्वच एजंट अप्रामाणिक असतात असे मी म्हणणार नाही. टंकलेखनाची मदत अवश्य घ्यावी, मात्र 'सबमिट' करण्यापूर्वी सर्व उत्तरे एकत्र दिसतात, ती पाने छापून मागावीत, घरी नेऊन कोणाकडून तरी मराठीत वाचून घ्यावीत आणि सहीचे बटण स्वतः दाबावे. परदेशातील मुलांनीही केवळ निमंत्रणपत्र पाठवून न थांबता आईवडिलांसोबत व्हिडिओ कॉलवर बसून एकेक प्रश्न वाचावा.

आपल्या दैनिकाच्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या पानावर या अर्जातील प्रश्नांचा सोप्या मराठीत अर्थ देणारे चार-पाच लेख क्रमाने प्रसिद्ध करावेत, अशी विनंती आहे. त्यासाठी आमचे दोन्ही अर्ज, खासगी तपशील झाकून, आपल्या कार्यालयाकडे पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी,
कराड, जि. सातारा