फिक्सीचा हँडल घेताना नुसता लूक बघू नका

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

हल्ली पणजी-म्हापशात पोरं फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, चालवताना दिसतात, बघून बरं वाटतं, पण हँडल मात्र फोटो बघून घेतात म्हणून हे पत्र. फिक्सीत फ्रीव्हील नसतं, चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, त्यामुळे उतारावर पाय मोकळे सोडता येत नाहीत आणि हँडलवरची पकड महत्त्वाची ठरते. ट्रॅकवरचा खोल वाकलेला ड्रॉप बार (खाली वळलेलं हँडल) व्हेलोड्रोमसाठी, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकसाठी आहे हो, फोंताइनाशच्या गल्लीत मान वर करून गाड्या बघायच्या की खाली वाकून बसायचं? मी दोन महिन्यांत काढला. आल्तिन्होची चढण उभं राहून मारायची तर बैलाच्या शिंगांसारखा बुलहॉर्न बेस्ट, पुढची शिंगं धरून ओढता येतं, आणि रोजच्या ट्रॅफिकला सरळ नाहीतर रायझर, म्हणजे टोकांकडे थोडा वर उचललेला बार.

आता मापाचं. स्टेममध्ये (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बारचा जो भाग बसतो तो 25.4 किंवा 31.8 मिमी असतो, जुन्या रोड सायकलच्या बारचा 26 पण असतो. माझ्या 25.4 च्या बारला एका दुकानदाराने 26 चा स्टेम लावला, मध्ये पत्र्याचा तुकडा कोंबून. उतारावर ब्रेक दाबला तर बार खाली फिरला, दोन्ही तळहात सोलले, आठवडाभर भात चमच्याने खाल्ला. ब्रेकचंही तसंच, सरळ बारचा लिव्हर 22.2 च्या नळीला बसतो, ड्रॉपच्या 23.8 ला नाही.

आणि पुढचा ब्रेक काढून टाकू नका रे पोरांनो, पावसात तर नकोच.

आपला एक वाचक, पर्वरी