जुन्या गाडीला ‘जाड ऑइल’ हा सरसकट सल्ला नको

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वी वाहनांची कोणती निगा राखावी, याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘गाडी दहा-बारा वर्षांची झाली की इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल वापरावे’ असे एका ओळीत सांगून टाकले आहे. गॅरेजमध्ये आणि ऑइलच्या दुकानातही हेच ऐकायला मिळते. एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरी झालेली असल्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. हा सल्ला काही गाड्यांना अगदी योग्य आहे, पुष्कळ गाड्यांना अनावश्यक आहे आणि काही गाड्यांना चक्क अपायकारक आहे.

तो योग्य कुठे आहे, ते आधी सांगतो. प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर हौसेने सांभाळणारी मंडळी आपल्याकडे अजूनही आहेत. या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा उंचवटा चपट्या टॅपेटवर (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागावर) घासत फिरतो आणि तेथील झीज रोखण्याचे काम ऑइलमधील जस्त व फॉस्फरसयुक्त रसायन करते. पुढे प्रदूषण रोखणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो म्हणून त्याचे प्रमाण कमी करण्यात आले, आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २००४ मध्ये आलेल्या ‘एपीआय एसएम’ दर्जापासून ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ग्रेडमध्ये तो ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवण्याची मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ही मर्यादा लागू नाही. म्हणजे पद्मिनीला जाड ऑइल घालणारा मिस्त्री बरोबरच असतो, मग त्यामागचे हे कारण त्याला ठाऊक असो वा नसो.

परंतु आज रस्त्यावर ‘जुनी’ म्हणून धावणारी बहुतेक मोटार पद्मिनी नाही. ती २००७ ते २०१२ च्या सुमाराची आहे. त्या काळात स्विफ्ट, डिझायर, रिट्झ आणि इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत बसवलेले १,२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. त्याची टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, टर्बोचे बेअरिंग ऑइलवरच तरंगते, आणि हे सारे पातळ ग्रेडचे सिंथेटिक ऑइल गृहीत धरून आखलेले आहे. २००८ च्या सुमाराच्या आय-व्हीटेक होंडा सिटीत तर रॉकरमधील पिना ऑइलच्या दाबाने सरकतात, तेव्हा व्हॉल्व्हची उघडझाप बदलते. अशा इंजिनात ‘वय झाले’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतले, तर सकाळी चालू केल्याबरोबर जे ऑइल वरपर्यंत पोहोचायला हवे ते उशिरा पोहोचते, आणि चेनचा खडखडाट ऐकून मालक पुन्हा त्याच गॅरेजमध्ये जातो.

ग्रेडमधील दोन आकड्यांचा अर्थ वाचकांना कळला, तर पुष्कळ गोंधळ मिटेल. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील वागणुकीचा असतो, २०डब्ल्यूच्या ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर, तर ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर घेतात. निफाडला पारा पाच अंशांखाली गेला तरी त्याची बातमी होते, तेव्हा निव्वळ गोठण्याच्या भीतीने आपल्याकडे कोणी ५डब्ल्यू घेण्याचे कारण नाही. मात्र गार इंजिनात पहिल्या काही सेकंदांत ऑइल किती चपळाईने धावते, यात या दोन ग्रेडमध्ये साध्या वीस अंशांवरही फरक पडतो. दुसरा आकडा इंजिन तापल्यानंतरचा. १०० अंशांवर ३० च्या ग्रेडची श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. विदर्भातील उन्हाळ्यात ओझे घेऊन घाट चढणाऱ्या जीपला ४० चा आधार हवा, हे मला मान्य आहे. शहरात भाजी आणायला जाणाऱ्या मारुती ८०० ला ५० कशाला, हे मात्र कोणी सांगत नाही. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत बाहेरच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचे कोष्टक बहुधा दिलेले असते. त्याच कोष्टकात एक पायरी वर जायला हरकत नाही, पण कोष्टकाबाहेर उडी मारू नये.

जाड ऑइलची शिफारस करणाऱ्यांचा खरा मुद्दा वेगळाच असतो: गाडी ऑइल खाते. येथे मिस्त्रीने आधी धूर पाहायला हवा. सकाळी चालू करताच निळसर धूर येऊन थोड्या वेळाने थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेली असण्याची शक्यता मोठी, आणि ते काम संपूर्ण इंजिन उघडण्याच्या मानाने बरेच स्वस्तात होते. चढावर ओढताना सतत निळा धूर निघत असेल तर पिस्टन रिंगांवर संशय घ्यावा. डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) दुधाळ साय दिसली, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळले, तर हेड गॅस्केट तपासल्याखेरीज कोणतेही ऑइल घालणे व्यर्थ आहे. जाड ऑइल ही झीज भरून काढत नाही, फक्त काही महिने झाकून ठेवते. गाडी विकायची असणाऱ्याला तेवढे पुरते, वापरायची असणाऱ्याला नाही.

डब्यावरील दुसरी खूण ग्रेडइतकीच महत्त्वाची असूनही दुर्लक्षित राहते. पेट्रोल इंजिनासाठी ‘एस’ने आणि डिझेलसाठी ‘सी’ने सुरू होणारा एपीआयचा दर्जा पाहावा. एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पुस्तिकेत एसएल लिहिले असेल तर एसएन चालते, पण सुट्या विक्रीत एसएफसारखे कालबाह्य दर्जे स्वस्त म्हणून गळ्यात मारले जातात, ते घेऊ नयेत. जुन्या बोलेरोसारख्या डिझेल गाडीला १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ हे उत्तम जमते. तिच्या मालकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देशभर २०१० मध्ये डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५० भाग) होती, ती २०१७ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम झाली. गंधकापासून बनणारे आणि ऑइलला मारावे लागणारे आम्ल आता पूर्वीच्या मानाने फारच कमी असल्याने, ‘जुने डिझेल इंजिन म्हणून खास कडक ऑइल’ या जाहिरातीला भुलण्याचे कारण उरलेले नाही. डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर आठवड्यात काळे झाले म्हणूनही घाबरू नये. काजळी स्वतःत धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे.

आता फिल्टर. महागडे सिंथेटिक ऑइल घेऊन त्यावर रस्त्याकडेच्या दुकानातला बिनखुणेचा फिल्टर बसवणारे लोक मी इतके पाहिले आहेत की, मला हा भाग ऑइलपेक्षाही मोठा वाटतो. बाहेरून डबा सारखा दिसला आणि आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असे होत नाही. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो; कागद तुंबला किंवा ऑइल गार आणि जाड असल्यामुळे कागदातून पुरेसे जाईना, की तो उघडतो आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगांकडे जाते. तो किती दाबाला उघडावा, हे इंजिनानुसार ठरते. त्यामुळे भलतेच जाड ऑइल आणि भलताच फिल्टर एकत्र आले की, दररोज सकाळी काही वेळ गाडी फिल्टरविनाच चालते. दुसरी रबराची झडप इंजिन बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या फिल्टरमध्ये हे रबर लवकर कडक होते आणि सकाळी टॅपेट वाजू लागतात. त्यावरही ‘जाड ऑइल घाला’ हाच उपाय सांगितला जातो, हे विशेष. नवा फिल्टर लावताना जुन्याचे रबरी वॉशर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे पाहावे, आणि वॉशर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळावे. पान्याने ठासू नये.

दुचाकीस्वारांसाठी एवढेच, की जुन्या स्प्लेंडरसारख्या इंजिनात बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतोच. तेथे जाळी आणि गरगर फिरून गाळ बाजूला टाकणारी वाटी असते. ती उघडून साफ करावी लागते आणि सर्व्हिसिंगमध्ये बहुधा राहून जाते. शिवाय क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्याने मोटारीचे ऑइल न घालता अशा ओल्या क्लचसाठीची ‘जासो एमए’ ही खूण लिहिलेलेच घ्यावे.

एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच पुन्हा पुन्हा बसवण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. त्या हवेने कागदाला सूक्ष्म भेगा पडतात, आणि उसाच्या हंगामात गावाकडच्या रस्त्यावर उडणारी बारीक धूळ त्यांतून सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासून काढते. वर ज्या ‘ऑइल खाण्या’बद्दल लिहिले, त्याचे मूळ कित्येकदा या काटकसरीत असते. डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी पावसाळ्यात अधूनमधून सोडावे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या टाकीतील साचलेला थर सोडवते आणि तो नळीतल्या छोट्या फिल्टरमध्ये येऊन बसतो, म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत हा फिल्टर पूर्वीपेक्षा लवकर बदलावा.

जुनी गाडी फार चालत नाही, म्हणून ऑइल दोन-दोन वर्षे न बदलणे हेही चुकीचे आहे. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, पाण्याचा अंश आणि न जळलेले पेट्रोल इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये साचत राहते. किलोमीटर कितीही कमी असोत, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावे. सुटे ऑइल घेऊ नये, रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, आणि काढलेले ऑइल गटारात न ओतता अधिकृत संकलन करणाऱ्याकडे जाईल याची खात्री करावी. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे.

गॅरेजचालकांना माझी एक विनंती आहे. ऑइल बदलल्यावर बिलावर नुसते ‘ऑइल चेंज’ न लिहिता ग्रेड, एपीआय दर्जा, फिल्टरचा क्रमांक, तारीख आणि किलोमीटर लिहावेत, आणि हाच तपशील एका पट्टीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पुढचा मिस्त्री दुसरा असला तरी त्याला अंदाजाने डबा उचलावा लागणार नाही. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी एका ओळीच्या सल्ल्याऐवजी राज्यात अधिक चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांतील ग्रेडचे कोष्टक छापावे.

आपला,
एक निवृत्त कार्यशाळा पर्यवेक्षक, सातारा