माजी सैनिकांची सर्व कामे तालुक्यात एकत्र व्हावीत

महोदय,

करमाळा, सांगोला, मंगळवेढा भागातल्या माजी सैनिकाला पेन्शनसाठी ‘स्पर्श’ प्रणाली, औषधोपचारासाठी ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशी वेगवेगळी दारे ठोठावावी लागतात. यातले काही केंद्राचे, काही राज्याचे. त्यामुळे कागद घेऊन फिरायचे ते त्यानेच, आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीने. सत्तरी ओलांडलेल्या वीरपत्नीने पेन्शनसाठी हयातीची ऑनलाइन नोंद एकटीने करावी, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन दरमहा ठरलेल्या दिवशी प्रत्येक तहसील कार्यालयात या सर्व विभागांच्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवावे. तिथेच रक्तदाब, साखर, डोळे आणि विशेषतः कान तपासावेत. तोफांच्या आवाजात नोकरी केलेल्या अनेकांना कमी ऐकू येते. समुपदेशक तर हवाच. सीमेवर उमेदीची वर्षे काढलेला माणूस रात्री झोप लागत नाही हे घरातही सांगत नाही. ‘टेलि मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक गावागावांत लावावा.

७ डिसेंबरला सैनिकांच्या कल्याणासाठीचे सशस्त्र सेना ध्वजदिन निधी संकलन सुरू होते. पहिले शिबिर त्याआधी व्हावे.

– माजी सैनिकाची मुलगी, सांगोला (जि. सोलापूर)