पिवळ्या दगडापासून आत

क्रालेंडाइक, बोनेर बेट (कॅरिबियन)
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवणखाण, झोप यांची चौकशी फोनवर होतेच, ते पुन्हा लिहीत नाही. पण बाबांनी परवा विचारलं ते फोनवर सांगून संपणारं नव्हतं. बोट नाही, वर राखणीला माणूस नाही, पाठीला हवेची टाकी लावून किनाऱ्यावरून चालत समुद्रात डुबकीला जाता म्हणजे काय? मागून आई काय म्हणाली तेही ऐकू आलं. म्हणून सविस्तर लिहिते.

इथे वारा जवळजवळ बाराही महिने पूर्वेचा. पूर्वेच्या बाजूला आपल्या आषाढासारख्या लाटा असतात, तिकडे आम्ही फिरकत नाही. पश्चिमेचा किनारा बेटाच्याच आडोशाला येतो, किल्ल्यामागे आपलं बंदर निवांत असतं तसा. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हातभर. किनाऱ्यालगत वाळूचा उथळ पट्टा, आणि काही ठिकाणी पन्नास-शंभर मीटरवरच साधारण 10 मीटर खोलीला प्रवाळाची कड लागते. तिथून उतार 30 मीटरच्या खाली जातो. जिथे पोहत दोन मिनिटांत पोचता येतं तिथे बोट कशाला?

हे सगळं 1979 पासून राखीव आहे. भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत, बेटाच्या सगळ्या बाजूंनी, शिवाय समोरच्या क्लाइन बोनेर बेटाभोवतीही. भाल्याने मासे मारायला तर 1971 पासूनच बंदी. (बाबा, आपलं मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. त्यावरून तुमचं काय म्हणणं आहे ते मला पाठ आहे, इथे नको.) पाहुण्याने 40 डॉलर शुल्क भरायचं, नियम ऐकून घ्यायचे आणि पहिली डुबकी तपासणीची मारायची. पाण्यात तोल राखता येतो की तळाला लाथा बसतात, ते त्यात दिसतं. हातमोजे घालायला बंदी. मोजा असला की माणूस बिनधास्त प्रवाळ धरतो, उघडा हात आपोआप आखडतो. सगळ्यात शहाणा नियम मला हाच वाटतो. 2023 मध्ये इथल्या प्रवाळांत एक रोग शिरला, तेव्हापासून सामान जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचं कामही वाढलंय.

आता आत कसं जातो ते. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर जागेचं नाव. पिकअपचा मागचा फाळका खाली पाडून त्यावरच टाकी जोडायची. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी तोंडातली नळी, तोंडात धरून हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत चार श्वास घ्यायचे. काटा थरथरला तर टाकीचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. हे वरच कळायला हवं, खाली कळून उपयोग नाही.

खरा धोका खोल पाण्यात नाही, पहिल्या दहा पावलांत आहे. काठावर प्रवाळाचा जुना कातळ, कालवांच्या खडकावर चालल्यासारखा. कडक तळव्याचे बूट घालूनच उतरायचं. फिन्स (पोहायला पायात घालायची वल्ही) हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, तरंगायच्या जॅकेटमध्ये थोडी हवा, आणि जोडीदाराचा हात धरून दोन लाटांच्या मधल्या वेळात सरकत पुढे. कमरेएवढं पाणी आलं की आडवं व्हायचं आणि मग फिन्स. लोक घाईने काठावरच फिन्स चढवतात, लाट ती पकडते आणि माणूस तोंडावर पडतो. मास्क कपाळावर ठेवणाऱ्याचा मास्क पहिलीच लाट नेते. घोटे मुरगळतात ते इथेच, आणि बहुतेकदा परत येताना, कारण तेव्हा पाय थकलेले असतात.

आत गेल्यावर आधी ओढीच्या विरुद्ध जायचं, म्हणजे परतताना पाणीच आपल्याला आणतं. बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप. 200 बारची टाकी 120 वर आली की मागे. वर येताना 50 उरायलाच हवेत. नांगर टाकायला बंदी असल्याने बऱ्याच जागी बोटींसाठी कायमचा बोया बांधलेला असतो. त्याची दोरी ओळखून ठेवली की बाहेर पडायची जागा चुकत नाही. शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, ती वाळूच्या पट्ट्यावर मासे बघताना निघून जातात.

एका गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही. पाण्यात जाताना गाडी कुलूप न लावता ठेवायची. नुसती उघडी नाही, काचाही खाली. "गाडयेक कुलूप नाय?" असं बाबा म्हणणारच. नाही. आम्ही तासभर पाण्याखाली आहोत हे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही कळतं. बंद काच म्हणजे आत काहीतरी आहे, मग ती फुटते आणि भुर्दंड आपल्याला. उघड्या गाडीत डोकावणाऱ्याला काही मिळालं नाही की तो निघून जातो. म्हणून आत काहीच ठेवायचं नाही. फोन, पाकीट, चष्मा, चांगली चप्पल, काहीच नाही. जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली चालते. साधी किल्ली जॅकेटच्या खिशात क्लिपने अडकवायची, बटणाची असेल तर पाणी न शिरणाऱ्या डबीत. म्हणजे इथे चोऱ्या होतात असं आई म्हणेल. होतात, पण अंगावर कुणी येत नाही. आणि मी एकटी पाण्यात जात नाही. खोलातून घाईने वर आल्यावर होणाऱ्या दबावाच्या आजारावर उपचार करायची कोठडी इथल्या हॉस्पिटलात आहे. तिची गरज पडू नये म्हणूनच हे सगळे आकडे पाळतो. पुन्हा विचारू नका.

पैसे शुक्रवारी पाठवलेत. इंजिनाचा हप्ता आधी भरा, उरतील ते धाकटीच्या दागिन्यांना. मला बांगड्या नकोत, तिला द्या. कुडाळच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, थांबा म्हटलंय. त्यांना थांबायचं नसेल तर त्यांचं बरोबरच आहे.

धाकटीच्या लग्नाचं असं आहे की सुट्टी बारा दिवसांची मिळते, पैकी चार प्रवासात जातात. शिवाय विमानात बसण्याआधी 18 तास पाण्याबाहेर राहावं लागतं, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशीची कमाईही बुडते. तारीख मार्गशीर्षातली धरलीत तेव्हाच इथे पाहुण्यांची गर्दी सुरू होते. हळदीला पोचणं जमेलसं वाटत नाही, लग्नाला बघते. परवा आईने तारीख सांगितली आणि फोन कट झाला, तो नेटवर्कमुळे नव्हता.

धाकटीला हे वाचून दाखवू नका.

तुमची,
बाय